फॉन्ड, भाबडा आणि वेडी माया

लग्नाच्या बायोडेटात एक ओळ हमखास असते. नाव, जन्मतारीख, उंची, शिक्षण, मामांचे आडनाव हे सगळे झाले की शेवटी छंदांच्या रकान्यात मुलगा किंवा मुलगी 'फॉन्ड ऑफ म्युझिक, रीडिंग अँड ट्रॅव्हलिंग' असते. पूर्वी हा कागद टाइप केलेला असे आणि मध्यस्थांच्या पिशवीतून घरोघर फिरे. आता तो मोबाइलवर येतो. बाकी तपशील बदलले, 'फॉन्ड ऑफ' मात्र जागचे हललेले नाही. त्या मुलाला कुणी विचारले, 'बाबा रे, तू संगीताचा फॉन्ड आहेस म्हणजे नेमका कोण आहेस?' तर तो म्हणेल, 'म्हणजे मला आवडतं.' उत्तर बरोबर आहे. पण सहाशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडात कुणी स्वतःविषयी 'फॉन्ड' असे लिहून दिले असते, तर वधूपक्षाने तो कागद घडी घालून परत केला असता. कारण तेव्हा या शब्दाचा अर्थ होता मूर्ख!

मूर्खपणा आणि माया एकाच शब्दाच्या पोटात कशी नांदली, हा प्रश्न केवळ कोशकारांचा नाही. तो घराघरांतला आहे. मुलाला दुसरा लाडू देणाऱ्या आजीचा आहे आणि मुलाच्या नावावर घर करून देणाऱ्या बापाचाही आहे. म्हणून आज या एका शब्दाचा थोडा माग काढावा म्हणतो.

आवड आणि प्रेम यांच्या मधले गाव

मी बरीच वर्षे शाळेत इंग्रजी शिकवले. 'फॉन्ड' हा शब्द आला की वर्गात गंमत ठरलेली असे. 'तो आपल्या आजीचा फॉन्ड आहे' या अर्थाच्या इंग्रजी वाक्याचे मराठी एका मुलाने केले होते, 'तो आजीचा शौकीन आहे.' सगळा वर्ग हसला, पण त्या मुलाचे काय चुकले? त्याला घरी मिळालेल्या छोट्या कोशात 'शौकीन' असेच दिलेले होते. गाण्याचा शौकीन चालतो, पानाचा चालतो, अत्तराचा चालतो. आजीचा चालत नाही, एवढेच!

शब्दाचा अर्थ कोशात सापडतो, वापर मात्र माणसांत राहूनच कळतो. इंग्रजीत 'लाइक' म्हणजे आवडणे आणि 'लव्ह' म्हणजे प्रेम करणे. या दोन गावांच्या मध्ये एक छोटे, सावलीचे गाव आहे. त्याचे नाव 'फॉन्ड'. या गावात एकदम उतरता येत नाही. पहिल्याच भेटीत एखाद्या माणसाविषयी 'लाइक' म्हणता येते, नाटकासिनेमात पहिल्याच भेटीत 'लव्ह'ही होते. 'फॉन्ड' व्हायला मात्र सहवास लागतो. रोज दारावरून जाणारा भाजीवाला, जुनी खुर्ची, शाळेतले खडूस मास्तर, शेजारचे भुंकणारे कुत्रे यांच्याविषयी वर्षे गेल्यावर जे वाटू लागते, ते हे. त्यात ओढ असते, पण आग नसते. समोरच्याचे दोष नीट ठाऊक असतात आणि तरीही जीव रमतो.

म्हणूनच एखाद्या तरुणाने मोठ्या धीराने मन उघड करावे आणि मुलीने हळुवारपणे 'आय ॲम व्हेरी फॉन्ड ऑफ यू' म्हणावे, तर त्याने समजून घ्यावे की विषय संपला. शब्द गोड आहेत, पण उत्तर 'नाही' आहे. आणि तेच वाक्य चाळीस वर्षांच्या संसारानंतर बायकोने नवऱ्याला, चहाचा कप पुढे करताना म्हटले, तर त्याच्यापुढे 'लव्ह' फिके पडेल. शब्द तोच असतो. वेळ आणि नाते त्याचे वजन ठरवतात.

याची व्याकरणातली चालही पाहण्यासारखी आहे. पुढे 'ऑफ' आला की प्रेमाचा रोख बाहेर असतो: पुस्तकांचा, मुलांचा, आंब्याचा फॉन्ड. पण हाच शब्द नामाच्या आधी बसला की पुष्कळांची फसगत होते. 'फॉन्ड फादर' म्हणजे आवडते वडील, असे मुले सर्रास लिहीत. खरा अर्थ उलट आहे. 'फॉन्ड फादर' म्हणजे ज्याची माया उतू चालली आहे असा बाप, लाडावून ठेवणारा बाप. 'फॉन्ड मेमरीज' म्हणजे मायेने जपलेल्या आठवणी, 'फॉन्ड फेअरवेल' म्हणजे पाय निघत नसताना घेतलेला निरोप.

आणि मग येतो 'फॉन्ड होप'. याचे भाषांतर 'गोड आशा' असे केलेले मी अनेकदा वाचले आहे. तो अर्थ नव्हे. निवडणुकीआधी उमेदवाराने दिलेले आश्वासन पाळले जाईल अशी जी आशा मतदार बाळगतो, ती 'फॉन्ड होप'. मराठीत तिला नेमके नाव आहे, भाबडी आशा. 'फॉन्डली इमॅजिन्ड' म्हणजेही भाबडेपणाने समजून चालणे. म्हणजे जुना मूर्खपणाचा अर्थ मेलेला नाही. वाड्याचे दर्शनी दालन नव्याने रंगवले, तरी मागच्या पडवीत आजोबा बसलेलेच आहेत!

अळणी मिठापासून

चौदाव्या शतकातल्या इंग्रजीत 'फॉन' किंवा 'फॉने' म्हणजे मूर्ख माणूस. त्यावरून मूर्खासारखे वागणे हे क्रियापद झाले आणि त्या क्रियापदाचे भूतकाळी विशेषण म्हणजे आजचा 'फॉन्ड'. मुळात तो 'वेडावलेला', 'बावळट झालेला' असा शब्द. 'फॉन' कुठून आला याविषयी पंडितांत एकमत नाही. पण त्या क्रियापदाचा आणखी एक जुना अर्थ सापडतो. बायबलातला मिठाचा दृष्टांत पुष्कळांना ठाऊक असेल: मिठाचा खारटपणाच गेला तर त्याचा उपयोग काय? जॉन विक्लिफच्या नावावरच्या 1380च्या सुमाराच्या लिखाणात अशा चव गेलेल्या मिठासाठी याच क्रियापदाचे रूप वापरलेले आहे. अळणी मीठ आणि अक्कल गेलेला माणूस, दोन्ही 'फॉन्ड'!

तिथून मायेपर्यंतचा प्रवास कसा झाला असेल? पायऱ्या सहज दिसतात. आधी नुसता मूर्ख. मग मायेपायी मूर्खासारखा वागणारा. मग अति माया करणारा. आणि शेवटी, 'अति'ची धार बोथट होऊन नुसता माया करणारा. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत हा शेवटचा अर्थ रुळला होता. तरी जुना अर्थ लगेच हटला नाही. डॉक्टर जॉन्सनचा प्रसिद्ध कोश 1755 साली निघाला, त्यातही मूर्खपणाचा अर्थ आहेच. दोन्ही अर्थ काही शतके एकाच घरात, एकाच चुलीवर राहिले.

असा हा एकटाच शब्द नाही. 'डोट' म्हणजे एखाद्यावर जीव ओवाळून टाकणे. 'डोटिंग ग्रँडफादर' म्हणजे नातवंडांपायी खुळावलेले आजोबा. या 'डोट'चाही मूळ अर्थ बुद्धी चळणे हाच आणि त्यावरूनच म्हातारचळाला 'डोटेज' म्हणतात. 'नाइस' हा तर आज कुठेही चालणारा गुळगुळीत शब्द; तो लॅटिनमधल्या 'अजाण' या अर्थाच्या शब्दावरून आला आणि इंग्रजीत बराच काळ मूर्ख या अर्थाने नांदला. उलटा प्रवास 'सिली'चा. आज शिवीवजा असलेला हा शब्द एके काळी 'धन्य', 'पुण्यवान' अशा अर्थाचा होता. पुण्यवानाचा झाला निष्पाप, निष्पापाचा झाला बिचारा आणि बिचाऱ्याचा झाला मूर्ख. त्याचा जर्मन भाऊ 'सेलिग' मात्र अजून पुण्यवानच आहे. मौज या अर्थाचा 'फन'देखील बहुधा याच 'फॉन'चा वंशज. सतराव्या शतकात त्याचा अर्थ फसवणे, मूर्ख बनवणे असा होता आणि जॉन्सनसाहेबांनी त्याला हलक्या शब्दांच्या पंगतीला बसवले होते.

वाढदिवसाच्या केकवर जे साखरेचे मऊ आवरण असते, त्या 'फॉन्डंट'चा मात्र आपल्या शब्दाशी काही संबंध नाही. तो फ्रेंचमधल्या 'वितळणे' या अर्थाच्या क्रियापदावरून आलेला आहे. माया माणसाला वितळवते, हा कवींचा भाग झाला.

दोन म्हातारे

या शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच क्षणी, एकाच माणसाच्या तोंडी पाहायचे असतील तर शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'कडे जावे लागते. हे नाटक 1606 साली राजदरबारी झाले आणि 1608 साली छापले गेले. गोष्ट सर्वांना माहीत आहे. म्हातारा राजा तीन मुलींना राज्य वाटून द्यायला बसतो आणि विचारतो, 'माझ्यावर कुणाचे प्रेम सर्वांत जास्त?' थोरल्या दोघी शब्दांचे इमले बांधतात. धाकटी कॉर्डेलिया तसे बोलायला नकार देते. राजा तिला बेदखल करतो, थोरल्यांना सारे देऊन टाकतो आणि मग त्यांच्याच दारांतून वादळात बाहेर पडतो.

चौथ्या अंकात भ्रमिष्ट लिअरला जाग येते तेव्हा समोर कॉर्डेलिया असते. तो तिला ओळखू पाहतो आणि आधी स्वतःची ओळख सांगतो: आपण ऐंशी उलटलेले, मूर्ख, 'फॉन्ड' म्हातारे आहोत. त्या काळच्या प्रेक्षकाला त्यात 'खुळा' हा अर्थ आधी ऐकू आला असणार. पण समोर लेक आहे, डोळ्यांत पाणी आहे. तिथे 'मायाळू' हा अर्थ ऐकू आल्याशिवाय कसा राहील? आयुष्यभर ज्याला आपले प्रेम आणि आपला मूर्खपणा वेगळा करता आला नाही, त्या माणसाला शेवटी मिळालेला शब्दही दोन्ही एकत्र सांगणारा!

याच नाटकात हा शब्द आणखी एका जागी येतो, तो पाहून मात्र अंगावर काटा येतो. उपकथानकातला एडमंड आपल्या भावाच्या नावाने एक खोटे पत्र रचतो. त्यात मुलाच्या बाजूची तक्रार आहे: म्हाताऱ्यांच्या हुकमतीखाली आपण दिवस काढायचे आणि मालमत्ता हाती येईपर्यंत आपणच म्हातारे व्हायचे, हे बंधन 'फॉन्ड' आहे. म्हणजे बाप मुलांच्या मायेत खुळा, आणि मुलाच्या मते बापाचे ऐकणे हाच खुळेपणा. एकच विशेषण दोन पिढ्या दोन टोकांनी ओढतात.

मराठी माणसाला लिअर परका नाही. विंदा करंदीकरांनी त्याचे 'राजा लिअर' हे भाषांतर केले. त्याआधी 1970 साली वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' रंगभूमीवर आले आणि डॉ. श्रीराम लागूंनी उभे केलेले आप्पासाहेब बेलवलकर घराघरांत जाऊन बसले. आप्पासाहेब राजे नाहीत. रंगभूमीवरून निवृत्त झालेले नट आहेत. निवृत्त होताना ते आपले सारे मुलगा आणि मुलगी यांच्यात वाटून मोकळे होतात आणि मग दोघांच्याही घरांत त्यांच्या वाट्याला अपमान येतो. नाटक संपल्यावर बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांत दोन तट पडत. एक म्हणे, 'मुलं अशी कशी निघाली?' दुसरा म्हणे, 'पण सगळं देऊन कशाला टाकायचं?' पहिल्याला त्यात बापाची माया दिसे, दुसऱ्याला खुळेपणा. दोघेही एकाच इंग्रजी शब्दाच्या दोन टोकांना धरून बोलत असत.

आपल्याकडचे वेडे शब्द

इंग्रजांनी कालांतराने 'फॉन्ड'मधला मूर्खपणा धुऊन काढला, इस्त्री केली आणि तो शब्द बायोडेटात घालण्याजोगा सभ्य केला. मराठीने तसे केले नाही. आपण माया आणि वेड उघडपणे एका पंक्तीला बसवतो. आईची 'वेडी माया' हे दोन शब्द आपण इतक्या सहज बोलतो, की त्यात कुणाची निंदा आहे असे मनातही येत नाही. आई मुलाला 'वेडा रे वेडा' म्हणून कुरवाळते. नाटकवेडा, पुस्तकवेडा, क्रिकेटवेडा ही तर मानाची बिरुदे. खूळ, नाद, पिसे यांतला एकही शब्द शहाण्याचा नाही आणि तरी आपण त्यांच्यावर रागावत नाही.

'हौस' पाहा. अरबीतून फारसीमार्गे आलेल्या या शब्दाच्या मुळाशी वेडी वासना, झपाटलेपण आहे. मराठीत येता येता तो इतका सोज्वळ झाला की आपण बाळाच्या बारशाची हौस करतो, लेकीच्या डोहाळजेवणाची हौस करतो. हौसेला मोल नाही, असे म्हणताना पाकीट रिकामे होत असल्याची खंतही त्यातच असते.

संस्कृताकडे वळावे, तर 'मुह्' या धातूपासून दोन रूपे होतात: मूढ आणि मुग्ध. दोन्हींचा मूळ अर्थ एकच, गोंधळलेला, भान हरपलेला. मूढ मूर्खपणाकडे गेला. मुग्ध निरागसतेकडे वळला, मग सुंदर झाला आणि आज कित्येक घरांत मुलीचे नाव मुग्धा असते. मूढा असे नाव कुणी ठेवील का? सख्ख्या बहिणीच, पण एकीचे स्थळ चांगले निघाले! मोह हाही त्याच घरातला.

'लोभ' हा षड्रिपूंतला एक. पण जुन्या पत्रांच्या शेवटी 'लोभ असावा ही विनंती' असे लिहिले जाई, तेव्हा त्या शत्रूलाच आपण घरात पाट मांडून देत होतो. 'स्नेह' म्हणजे तेल. वैद्यांच्या स्नेहनात आजही तोच अर्थ आहे. दोन माणसांमधल्या नात्यात हे तेल नसेल तर बिजागरी कुरकुरते, हे कळलेल्या कुणीतरी त्याला मैत्रीचा अर्थ दिला असावा. 'वात्सल्या'त वत्स आहे, वासरू आहे. गाय वासराला चाटते तेव्हा ती त्याची गुणपत्रिका पाहत नाही.

आणि 'माया'! वेदान्त्यांनी जिला भ्रम म्हटले, तीच आपल्या आईच्या हातात उतरली. जग मिथ्या आहे असे सांगणारा शब्द आणि आजारी मुलाच्या कपाळावर ठेवलेला हात, दोन्हींना नाव एकच. याहून मोठा 'फॉन्ड' इंग्रजांकडेही नसेल.

हे सारे पाहिल्यावर वाटते, वेगवेगळ्या भाषांनी एकमेकींना न विचारता एकच गोष्ट नोंदवून ठेवली आहे. माया आणि हिशेब एका पारड्यात मावत नाहीत. ज्याच्यावर जीव जडतो त्याच्याबाबतीत माणूस थोडा तरी बावळट होतोच. जो मुळीच होत नाही त्याची मायाच तपासून घ्यावी लागते. आजोबा नातवाकडून मुद्दाम पत्त्यांत हरतात. आई करपलेली पोळी स्वतःच्या ताटात घेते. हा खुळेपणा घरातून हद्दपार केला, तर घर राहील की नुसता पत्ता उरेल?

'सर, यात आम्ही कुठे आहोत?'

पण या खुळेपणाची एक दुसरी बाजूही आहे, आणि तिच्यामुळेच हा विषय माझ्या डोक्यात घोळत राहिला.

आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहत. सगळे त्यांना नाना म्हणत. एका संध्याकाळी ते बक्षीसपत्राचा मसुदा घेऊन आले. राहता फ्लॅट मुलाच्या नावावर करून द्यायचा होता. मसुदा इंग्रजीत होता, म्हणून माझ्याकडे. एका ठिकाणी त्यांनी बोट ठेवले आणि विचारले, "सर, हे 'नॅचरल लव्ह अँड अफेक्शन' म्हणजे काय हो?"

मी म्हणालो, "नैसर्गिक प्रेम आणि जिव्हाळा. म्हणजे तुम्ही पैसे न घेता, मुलावरच्या मायेपोटी घर देताय."

नाना खूश झाले. "वा! सरकारी कागदात माया लिहायची सोय आहे म्हणायची."

सोय खरोखरच आहे, आणि जुनी आहे. 1872च्या भारतीय करार कायद्यात, मोबदल्याशिवायचा करार सहसा रद्दबातल ठरतो असे सांगणारे 25वे कलम आहे. त्याला जे मोजके अपवाद आहेत, त्यांतला पहिला हाच: जवळच्या नातेवाइकांनी नैसर्गिक प्रेम आणि जिव्हाळ्यापोटी लेखी, नोंदणी करून केलेला करार. व्यवहाराच्या कोरड्या कायद्याने मायेला मोबदल्याच्या जागी बसू दिले! त्यानंतर हे शब्द वकिलांच्या मसुद्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत.

नानांनी तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचून घेतला. मग जरा थांबून विचारले, "सर, घराचा नंबर आहे, क्षेत्रफळ आहे, चतुःसीमा आहेत. यात आम्ही दोघं कुठे आहोत? म्हणजे आम्ही राहणार ते?"

ते कुठेच नव्हते. मुलाने ते मुद्दाम गाळले होते असे नाही. मसुदा छापील नमुन्यावरून केलेला होता आणि मुलगाही चांगला होता. घरात कुणाला तो प्रश्न सुचलाच नव्हता. आणि सुचला असता तरी विचारायचा कुणी? 'आम्हाला मरेपर्यंत राहू देशील ना, ते लिहून दे' असे पोटच्या पोराला म्हणणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, अशी आपली रीत. नानांची पत्नी तर म्हणाली, "लिहून काय घ्यायचं? आपलाच मुलगा ना?" हे वाक्य मी नंतरही अनेक घरांत ऐकले. ते खोटे नसते. ते 'फॉन्ड' असते, जुन्या आणि नव्या दोन्ही अर्थांनी.

कायद्यालाही हे उमगायला वेळ लागला. 2007 साली संसदेने आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ आणि कल्याणासाठी कायदा केला. त्याच्या 23व्या कलमात एक महत्त्वाची तरतूद आहे. कायदा लागू झाल्यानंतर ज्येष्ठ नागरिकाने आपल्या मूलभूत गरजा भागवल्या जाव्यात या अटीवर मालमत्ता दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळायला नकार दिला किंवा पाळली नाही, तर ते हस्तांतर फसवणुकीने, जबरदस्तीने किंवा गैरवाजवी दबावाने झाले असे मानले जाते आणि देणाऱ्याची इच्छा असेल तर न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकते. 1872च्या कायद्याने मायेला मोबदला मानले. मायेच्या पोटी खुळेपणाही असतो हे मान्य करायला पुढची 135 वर्षे गेली!

या तरतुदीत 'अटीवर' हा शब्द कळीचा आहे. अट कागदावर असली तर वाद कमी होतात. शिवाय मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांतला फरक घराघरांत माहीत असायला हवा. मृत्युपत्र माणूस हयातीत कितीही वेळा बदलू शकतो. बक्षीसपत्र एकदा नोंदवले की मन बदलले म्हणून ते मागे घेता येत नाही. पहिल्यात माया उद्यासाठी राखून ठेवता येते, दुसऱ्यात ती आजच हातावेगळी होते.

नानांनी शेवटी काय केले? त्यांनी मुलाला समोर बसवून सांगितले, "अरे, यात एक वाक्य वाढवायचं आहे. आम्ही दोघं असेपर्यंत इथंच राहू आणि आमचं बघणं तुझ्याकडे." मुलगा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "नाना, हे आधीच लिहायला हवं होतं. माझ्या डोक्यातच आलं नाही." वाक्य वाढले, नोंदणी झाली. पुढे त्या वाक्याचा वापर करायची वेळ कधी आली नाही. पण नानांची पत्नी एकदा सहज म्हणाली, "ते लिहिल्यापासून मला सून काही बोलली तरी लागत नाही हो." तिची सुनेवरची माया त्या एका वाक्याने कमी झाली नाही, मनातली भीती तेवढी कमी झाली.

सगळीकडे असे होत नाही, हे मलाही ठाऊक आहे. काही घरांत असे वाक्य काढले की भांडे फुटते. तिथे मग विचार करावा, की एवढ्या एका वाक्याने जे फुटते, त्यात आपण सगळे घर ठेवावे का?

शिवणातली माया

मराठीत 'माया' या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, तो शिंप्यांकडे आणि घरी शिवणकाम करणाऱ्या बायकांकडे मिळतो. कापड बेतताना शिवणीच्या बाहेर जे थोडे जास्तीचे कापड सोडतात, त्याला माया म्हणतात. 'मुलीचा फ्रॉक आहे, जरा माया ठेवा,' असे शिंप्याला बजावून सांगितले जाई. अंगाबरोबर कापलेला कपडा दिसतो छान, पण वर्षभरात उसवतो. माया ठेवलेला कपडा उसवून मोठा करता येतो. ही माया बाहेरून दिसत नाही, आतल्या बाजूला मुकाट असते. वेळ आली की उपयोगी पडते.

मायेच्या सगळ्या अर्थांत मला हा सर्वांत शहाणा वाटतो. भ्रमाची माया आहे, आईची माया आहे, तशी ही शिंप्याची माया. हिच्यात प्रेमही आहे, कारण मूल वाढणार आहे याचा आनंद तिच्यात धरलेला आहे; आणि हिशेबही आहे, कारण कापड किती सोडायचे ते मोजलेले आहे. लिअरने राज्य कापले ते अगदी कडेपर्यंत. आप्पासाहेबांनीही तसेच. दोघांनी माया भरभरून केली, शिवणीत मात्र ठेवली नाही.

'फॉन्ड' हा शब्द आता बायोडेटात छंदांच्या रकान्यात सुखाने राहतो. त्याचा पूर्वेतिहास लिहिणाऱ्याला ठाऊक नसतो आणि असायलाच हवा असेही नाही. पण आपल्या घरात कुणी कुणाचे फार लाड करताना दिसले, कुणी कुणासाठी हातचे सगळे सोडायला निघाले, की त्या जुन्या अर्थाची आठवण ठेवावी. त्या माणसाला हसू नये आणि अडवूही नये. फक्त शेजारी बसून विचारावे, 'कडेला थोडं कापड ठेवलंय ना?'